सेपरेबल विस्तारातून होमोलॉजिकल गुणधर्म नेताना: ट्रँग्युलेटेड कॅटेगरीसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शक

माझ्याकडे वाचायला येणाऱ्या कच्च्या खर्ड्यांत एक वाक्य सारखं भेटतं: "विस्तार सेपरेबल आहे, म्हणून दोन्हीकडची ग्लोबल मिती सारखीच." वाक्य चुकीचं आहे. (ग्लोबल मिती म्हणजे वलयावरच्या मोड्यूलांना लागणाऱ्या प्रोजेक्टिव्ह रिझोल्युशनची सर्वात मोठी लांबी; "सेपरेबल"ची व्याख्या टप्पा २ मध्ये येते.) त्याहून वाईट म्हणजे ज्या उदाहरणांवर आपण हा विषय शिकतो, त्यांतल्या बहुतेकांत ते योगायोगाने खरं ठरतं. त्यामुळे चूक वर्षानुवर्षं पकडली जात नाही आणि एखाद्या दिवशी पुराव्याच्या मध्यावर सगळं कोसळतं. हा लेख त्यासाठी आहे. गृहीतकं कोणत्या क्रमाने तपासायची, कोणतं गृहीतक कोणत्या निष्कर्षासाठी लागतं आणि निष्कर्ष कोणत्या दिशेने जातो, एवढंच इथे सांगायचं आहे. वलय, मोड्यूल, टेन्सर गुणाकार आणि डिराइव्ड कॅटेगरी यांची तोंडओळख गृहीत धरली आहे.

## तयारी: कागदावर आधी काय लिहायचं

खुणा ठरवून घेऊ. "ब" हे पायाचं वलय आणि "अ" हा त्याचा विस्तार, म्हणजे ब → अ असं एक होमोमॉर्फिझम. ट्रँग्युलेटेड कॅटेगरीला, म्हणजे जिच्यात शिफ्ट आणि ठरावीक त्रिकोण असतात अशा कॅटेगरीला, "ट" म्हणू; वलयांच्या बाबतीत ती ब ची डिराइव्ड कॅटेगरी. मोड्यूल सगळीकडे डावे. दोन फंक्टर लागतील. "मुक्त" हा ब-मोड्यूल प ला अ ⊗ प कडे पाठवतो, टेन्सर ब वरचा. "विसर" हा अ-मोड्यूलची अ-रचना विसरून त्याला नुसतं ब-मोड्यूल मानतो. दोन्ही एकामागून एक लावले, आधी मुक्त आणि मग विसर, की ट वर एक मोनाड मिळतो, म्हणजे गुणाकार आणि एकक असलेला, ट कडून ट कडेच जाणारा फंक्टर. त्याला "म" म्हणू. ट्रँग्युलेटेड कॅटेगरीतल्या त्रिकोणाच्या तिसऱ्या टोकाला मी "शंकू" म्हणतो, कारण इंग्रजी शब्द देवनागरीत लिहिला की मराठी वाचकाला तो भूमितीतला कोन वाटतो.

आता पानाचे दोन भाग करा. डाव्या भागावर लिहा "पायाकडून विस्ताराकडे", उजव्या भागावर "विस्ताराकडून पायाकडे". पुढचं प्रत्येक गृहीतक यांतल्या एकाच भागात पडतं. हे दोन भाग मिसळणं हीच मूळ चूक.

## टप्पा १: कशावर सेपरेबल, ते ठरवा

"हे बीजगणित सेपरेबल आहे" हे अर्धंच वाक्य आहे. कशावर सेपरेबल, ते सांगितल्याशिवाय त्याला अर्थ नाही.

सांत गट ग आणि क्षेत्र के घ्या. के-ग हे गटवलय के वर सेपरेबल आहे का? गटाची घटकसंख्या के मध्ये व्यस्त करता येत असेल, तरच. आता ह हा ग चा उपगट घ्या आणि डाव्या कोसेटांवर उभं राहिलेलं के(ग/ह) हे क्रमपरिवर्तन मोड्यूल पाहा. प्रत्येक कोसेटचा स्वतःशी गुणाकार तोच कोसेट आणि वेगळ्या कोसेटांचा गुणाकार शून्य, असं ठरवलं की हे ग-प्रतिनिधित्वांच्या टेन्सर कॅटेगरीतलं बीजगणित होतं. कॅरॅक्टरिस्टिक काहीही असो, हे बीजगणित तिथे सेपरेबलच असतं. कोसेट ज ला ज ⊗ ज कडे पाठवणारी मॅप गुणाकाराचं विभाजन करते आणि त्यात कुठेही भागाकार येत नाही. शिवाय या बीजगणितावरच्या मोड्यूलांची कॅटेगरी म्हणजे उपगट ह च्या प्रतिनिधित्वांची कॅटेगरी. मुक्त आणि विसर ही जोडी इथे ग वरून ह वर निर्बंध आणि ह कडून ग कडे इंडक्शन, अशी दिसते.

दोन्ही ठिकाणी गट तोच, क्षेत्र तेच, उत्तरं मात्र वेगळी. पहिल्या बाबतीत पाया के आहे, दुसऱ्या बाबतीत पाया म्हणजे ग-प्रतिनिधित्वांची अख्खी कॅटेगरी. "कॅरॅक्टरिस्टिक गटाच्या घटकसंख्येला भागते, म्हणून सेपरेबिलिटी गेली" हा निष्कर्ष पहिल्या बाबतीत बरोबर आहे, दुसऱ्या बाबतीत साफ चूक.

तपासा: "अमुक हे तमुकवर सेपरेबल" असं पूर्ण वाक्य तुमच्या वहीत लिहिलेलं आहे का?

## टप्पा २: सेपरेबिलिटीचा घटक हाताने शोधा

व्याख्या अशी: अ ⊗ अ कडून अ कडे जाणारी गुणाकाराची मॅप अ-अ-बायमोड्यूल म्हणून विभाजित होते. व्यवहारात याचा अर्थ अ ⊗ अ मध्ये एक घटक "ए" शोधायचा. त्याच्या दोन अटी आहेत.

पहिली: गुणाकार केल्यावर ए चं १ व्हावं.
दुसरी: अ मधल्या प्रत्येक र साठी र·ए = ए·र असावं.

मॅट्रिक्स बीजगणितात हे सोपं आहे. (न, १) या जागी १ आणि बाकी शून्य असलेलं मॅट्रिक्स घ्या, त्याचा (१, न) जागेच्या मॅट्रिक्सशी टेन्सर करा आणि सगळ्या न वर बेरीज करा. गुणाकार केला की कर्णावरची मॅट्रिक्सं मिळतात आणि त्यांची बेरीज १ येते. इथेही भागाकार नाही.

स्क्यू गटवलयात थोडं काम आहे. ग हा सांत गट ब वर ऑटोमॉर्फिझमांनी क्रिया करतो आणि अ = ब∗ग, म्हणजे गटाच्या घटकांवर ब मधले सहगुणक, आणि गटाचा घटक ब च्या घटकाला ओलांडताना त्याच्यावर क्रिया करतो. ब च्या केंद्रात असा घटक च शोधा, ज्याच्यावर गटातल्या सगळ्या घटकांनी क्रिया करून येणारी बेरीज, म्हणजे ट्रेस, १ आहे. मग ए म्हणजे स·च ⊗ स⁻¹ या पदांची बेरीज, इथे स हा गटातल्या सगळ्या घटकांवर फिरतो. पहिली अट ट्रेसमुळे पुरी होते. दुसरी अट गटाच्या घटकांसाठी बेरजेचा क्रम बदलून मिळते आणि ब च्या घटकांसाठी च केंद्रात असल्यामुळे. गटाची घटकसंख्या व्यस्त करता येत असेल तर च म्हणून तिचा व्यस्तांक घ्या, काम झालं. मात्र ती अट आवश्यक नाही. ब = के × के घ्या आणि दोन घटकांचा गट दोन्ही बाजूंची अदलाबदल करतो असं धरा. च = (१, ०) घेतला की ट्रेस (१, १), म्हणजे १. कॅरॅक्टरिस्टिक २ असली तरी विस्तार सेपरेबल!

इशारा: पहिली अट पाहून थांबू नका. १ ⊗ १ ही पहिली अट नेहमीच पुरी करतो. सगळा जीव दुसऱ्या अटीत आहे आणि खर्ड्यांत नेमकी तीच "सहज दिसते" म्हणून सोडून दिलेली असते.

## टप्पा ३: डिराइव्ड पातळीवर जाण्याआधी फ्लॅटनेस

इथे सर्वात जास्त लोक घसरतात, म्हणून जरा थांबू.

पूर्णांकांच्या वलयाकडून पूर्णांक मॉड्युलो ४ कडे जाणारं होमोमॉर्फिझम घ्या. भागवलय असल्यामुळे अ ⊗ अ म्हणजे अ च. गुणाकाराची मॅप आयसोमॉर्फिझम आहे, मग विभाजन फुकट मिळतं. विस्तार सेपरेबल. पण पूर्णांकांची ग्लोबल मिती १ आणि मॉड्युलो ४ च्या वलयाची अनंत! पायाकडून विस्ताराकडे येताना मिती वाढता कामा नये, अशी आपली अपेक्षा असते (टप्पा ५ मध्ये तेच दाखवलं आहे).

बिघडलं कुठे? साधा टेन्सर आणि डिराइव्ड टेन्सर इथे वेगळे आहेत. डिराइव्ड टेन्सर घेतला की अ ⊗ अ मध्ये एक अंश सरकलेली आणखी एक प्रत येते, कारण पहिला टॉर शून्य नाही. मोड्यूलांच्या पातळीवर दिलेला पुरावा डिराइव्ड कॅटेगरीत आपोआप पोचत नाही.

उपाय सोपा आहे. अ हे उजव्या बाजूने ब वर फ्लॅट असल्याचं तपासा. मग अ ⊗ − हा फंक्टर एक्झॅक्ट असतो, तोच ब च्या डिराइव्ड कॅटेगरीवर मोनाड देतो आणि टप्पा २ मधला ए तिथेही जसाच्या तसा चालतो. स्क्यू गटवलय पायावर दोन्ही बाजूंनी मुक्त, मॅट्रिक्स बीजगणितही मुक्त, लोकलायझेशन फ्लॅट. नेहमीची उदाहरणं सुखरूप आहेत. फ्लॅटनेस तपासायची सवय लागत नाही, ती त्यामुळेच.

तपासा: कोणत्या बाजूने फ्लॅट, ते लिहिलंय का? डाव्या मोड्यूलांसाठी मुक्त फंक्टरला उजव्या बाजूची फ्लॅटनेस लागते. विसर फंक्टरने प्रोजेक्टिव्ह मोड्यूल प्रोजेक्टिव्हच राहावं असं हवं असेल, तर अ डाव्या बाजूने प्रोजेक्टिव्ह लागतं. या दोन वेगळ्या गरजा आहेत.

## टप्पा ४: मोड्यूलांची कॅटेगरी ट्रँग्युलेटेड आहे, हे गृहीत धरू नका

सर्वसाधारण मोनाडसाठी ट मधल्या म-मोड्यूलांवर त्रिकोणांची रचना बसत नाही. कारण समजून घ्या, म्हणजे सेपरेबिलिटी इथे नेमकं काय करते तेही कळेल.

म-मोड्यूलांमधली मॅप प → फ घ्या आणि ट मध्ये तिचा शंकू काढा. शंकूवर म ची क्रिया हवी. त्रिकोणांच्या नियमाने एक मॅप मिळते खरी, पण ती एकमेव नसते आणि ती सहचारी असेल याचीही खात्री नसते. पुराव्यात "शंकूवरही साहजिकच मोड्यूल रचना आहे" असं लिहिलेलं दिसलं की तिथे लाल खूण करा.

सेपरेबल असताना वाट निघते. प्रत्येक म-मोड्यूल प हे मुक्त(विसर(प)) चा डायरेक्ट समँड, म्हणजे डायरेक्ट बेरजेतला एक तुकडा, असतं आणि हे विभाजन नैसर्गिक असतं. या लेखातलं सर्वात कामाचं वाक्य हेच आहे, ते पानाच्या वर मोठ्या अक्षरात लिहा. आता क्रम असा:

१. विसर(प) → विसर(फ) या मॅपचा शंकू ट मध्ये काढा. त्याला श म्हणा.

२. संपूर्ण त्रिकोणाला मुक्त लावा. पहिल्या दोन टोकांवर प आणि फ कापून काढणारे आयडेम्पोटेंट (ज्यांचा वर्ग म्हणजे त्या स्वतःच, अशा मॅप) आहेत आणि ते मॅपशी जुळतात.

३. ते तिसऱ्या टोकापर्यंत, मुक्त(श) पर्यंत, वाढवा. मिळणारी मॅप "पी" कदाचित आयडेम्पोटेंट नसेल. पण पी² − पी ही पहिल्या दोन टोकांवर शून्य आहे, म्हणून तिचा वर्ग शून्य. मग ३पी² − २पी³ ही खरी आयडेम्पोटेंट होते. हे बीजगणित एकदा स्वतः करून पाहा, दोन ओळींचं आहे.

४. त्या आयडेम्पोटेंटने मुक्त(श) चा तुकडा काढा. तोच हवा असलेला शंकू.

चौथ्या पायरीला एक गृहीतक लागतं: ट आयडेम्पोटेंट-कम्प्लीट हवी, म्हणजे प्रत्येक आयडेम्पोटेंटचा तुकडा तिथेच मिळायला हवा. सगळ्या ट्रँग्युलेटेड कॅटेगऱ्या अशा नसतात. क्षेत्रावरच्या सांत-मितीय सदिश अवकाशांच्या बाउंडेड डिराइव्ड कॅटेगरीत ऑयलर कॅरॅक्टरिस्टिक सम असणाऱ्या वस्तूच ठेवल्या, तर उपकॅटेगरी ट्रँग्युलेटेड राहते, पण दोन मितीच्या अवकाशाचा एक मितीचा तुकडा तिथे सापडत नाही. अशा वेळी आधी आयडेम्पोटेंट कम्प्लीशन करून घ्या. तीही ट्रँग्युलेटेड असते, हे बाल्मर आणि श्लिश्टिंग यांनी २००१ मध्ये दाखवलं.

पॉल बाल्मर यांच्या २०११ च्या प्रमेयानुसार ट आयडेम्पोटेंट-कम्प्लीट असेल आणि म हा एक्झॅक्ट, शिफ्टशी जुळणारा सेपरेबल मोनाड असेल, तर म-मोड्यूलांवर अशी एकच ट्रँग्युलेटेड रचना आहे, जिच्यात मुक्त आणि विसर दोन्ही एक्झॅक्ट असतात. वलयांच्या बाबतीत, टप्पा ३ मधली फ्लॅटनेस असताना, ही कॅटेगरी म्हणजे अ ची नेहमीची डिराइव्ड कॅटेगरीच. ही ओळख आयती मिळते, पण लेखात तिचा उल्लेख हवा. नाहीतर वाचकाला वाटतं तुम्ही एका वेगळ्याच कॅटेगरीबद्दल बोलत आहात.

## टप्पा ५: पायाकडून विस्ताराकडे

इथून पुढे सगळं त्या एका वाक्यावर चालतं.

होम शून्य होणं. ट मध्ये कोणत्याही दोन वस्तूंमधले शिफ्ट केलेले होम (म्हणजे मॅपांचे गट) मोठ्या शिफ्टसाठी शून्य होत असतील, तर म-मोड्यूलांतही होतात. प कडून फ[न] कडचे होम हे मुक्त(विसर(प)) कडून फ[न] कडच्या होमचा समँड असतात आणि अॅडजंक्शनने ते विसर(प) कडून विसर(फ)[न] कडच्या होमइतके असतात. पुरावा संपला.

जनरेशन आणि रुकिए मिती. एका वस्तूपासून सुरुवात करून बेरजा, शिफ्ट, समँड आणि जास्तीत जास्त न वेळा शंकू घेऊन सगळी ट मिळत असेल, तर अशा सर्वात लहान न ला रुकिए मिती म्हणतात. ज ही वस्तू ट ला न पायऱ्यांत उभी करत असेल, तर मुक्त(ज) सगळ्या मुक्त वस्तू न पायऱ्यांत उभ्या करते आणि बाकीचे मोड्यूल त्यांचे समँड आहेत. म्हणून विस्ताराकडची मिती पायाकडच्या मितीपेक्षा जास्त नाही.

प्रोजेक्टिव्ह आणि ग्लोबल मिती. अ-मोड्यूल प चं ब वर प्रोजेक्टिव्ह रिझोल्युशन घ्या आणि त्याला अ ⊗ − लावा. उजवी फ्लॅटनेस असल्याने ते एक्झॅक्ट राहतं आणि अ ⊗ प चं तितक्याच लांबीचं रिझोल्युशन मिळतं. प हा त्याचा समँड. म्हणून प ची अ वरची मिती त्याच्या ब वरच्या मितीपेक्षा मोठी नसते. परिणामी अ ची ग्लोबल मिती ≤ ब ची ग्लोबल मिती.

इशारा: तिन्ही मितींसाठी (रुकिए, प्रोजेक्टिव्ह, ग्लोबल) चिन्ह "≤" आहे. इथे "=" लिहू नका.

सेपरेबिलिटी खरोखर लागते का? लागते. के हे दोन घटकांच्या क्षेत्रावरचं एका चलाचं परिमेय फलनांचं क्षेत्र घ्या आणि त्या चलाचं वर्गमूळ मिळवून झालेल्या मोठ्या क्षेत्राला ल म्हणा. ल हा पाया आणि के वरचं ल ⊗ ल हा विस्तार. विस्तार पायावर मुक्त आहे. तरीही तो ल वरच्या, ज्याचा वर्ग शून्य आहे अशा एका चलाच्या बीजगणितासारखा आहे, त्यामुळे ग्लोबल मिती ० वरून थेट अनंत. फ्लॅटनेस होती, सेपरेबिलिटी नव्हती. मॉड्युलो ४ च्या उदाहरणात उलट होतं. दोन्ही उदाहरणं शेजारी लिहून ठेवा.

## टप्पा ६: विस्ताराकडून पायाकडे, वेगळ्या गृहीतकाने

पूर्णांकांकडून परिमेय संख्यांकडे या. लोकलायझेशन आहे, म्हणून फ्लॅट आणि सेपरेबल. ग्लोबल मिती १ वरून ० वर आली, परत गेली नाही. टप्पा १ मधल्या उपगटाच्या उदाहरणात ह म्हणून एकट्या तटस्थ घटकाचा उपगट घ्या: के-ग ची ग्लोबल मिती अनंत असली तरी विस्ताराकडे फक्त के वरची सदिश अवकाशं दिसतात, मिती ०. सेपरेबल विस्तार पायाची कितीतरी माहिती फेकून देऊ शकतो.

परत जायला लागतं ते असं: ब हा अ चा ब-ब-बायमोड्यूल म्हणून समँड असणं. याला स्प्लिट विस्तार म्हणतात. सेपरेबल असताना विस्ताराकडचं प हे मुक्त(विसर(प)) चा समँड असतं. स्प्लिट असताना पायाकडची वस्तू क ही विसर(मुक्त(क)) ची समँड असते. वाक्यं आरशातल्यासारखी दिसतात, त्यामुळेच गोंधळ होतो. पण एकातून दुसरं निघत नाही.

उपगटाच्या उदाहरणात ग/ह ची कोसेटसंख्या के मध्ये व्यस्त करता येत असेल, तेव्हाच एकक वस्तू के(ग/ह) चा समँड असते. टप्पा १ मध्ये जी भागाकाराची अट लागली नव्हती, ती इथे लागते. स्क्यू गटवलयात मात्र ब नेहमीच समँड असतो, कारण ब∗ग ही गटाच्या घटकांवर पसरलेली डायरेक्ट बेरीज आहे. म्हणजे एका उदाहरणात सेपरेबिलिटी फुकट आणि स्प्लिट असणं महाग, दुसऱ्यात नेमकं उलट.

ग्लोबल मितीसाठी स्प्लिटसोबत अ डाव्या बाजूने ब वर प्रोजेक्टिव्ह हवं. तरच अ वरचं रिझोल्युशन ब वर प्रोजेक्टिव्ह राहतं.

## टप्पा ७: एक उदाहरण शेवटपर्यंत

कॅरॅक्टरिस्टिक २ नसलेलं क्षेत्र के. ब म्हणजे क्ष आणि य या दोन चलांचं बहुपदी वलय, ग्लोबल मिती २. दोन घटकांचा गट दोन्ही चलांची चिन्हं उलटी करतो.

पाया: ब. विस्तार: ब∗ग. सेपरेबिलिटी: च = १/२, ट्रेस १. फ्लॅटनेस: पायावर दोन्ही बाजूंनी मुक्त, आधारसंच (बेसिस) दोन घटकांचा. डिराइव्ड कॅटेगरी आयडेम्पोटेंट-कम्प्लीट. म्हणून ब∗ग ची मिती ≤ २. स्प्लिट: नेहमीच, आणि डाव्या बाजूने मुक्तही. म्हणून २ ≤ ब∗ग ची मिती. उत्तर २.

कॅरॅक्टरिस्टिक २ असेल तर चिन्ह उलटवण्याची क्रियाच उरत नाही. कोणत्याही च चा ट्रेस च + च, म्हणजे शून्य. सेपरेबिलिटी गेली आणि मिती अनंत होते. स्प्लिट असणं तसंच आहे, पण त्याने वरची मर्यादा मिळत नाही.

आता कॅरॅक्टरिस्टिक पुन्हा २ सोडून घ्या आणि पाया बदला. पाया म्हणून ब मधलं अचल राहणाऱ्या बहुपदींचं वलय घ्या. ते क्ष², क्ष·य आणि य² यांनी बनतं. विस्तार म्हणून ब स्वतः. गटावर सरासरी घेतली की हा विस्तार स्प्लिट ठरतो. ब ची मिती २. "स्प्लिट, म्हणून पायाचीही मिती २ पेक्षा जास्त नाही" असं लिहिलेला खर्डा मी एकाहून अधिक वेळा परत पाठवला आहे. या पायाला आरंभबिंदूपाशी सिंग्युलॅरिटी आहे आणि त्याची ग्लोबल मिती अनंत आहे. ब हे या पायावर प्रोजेक्टिव्ह नाही, म्हणून परतीची वाट बंद. शिवाय आरंभबिंदूपाशी विस्तार रॅमिफाइड आहे (गट तो बिंदू जागचा हलवत नाही), त्यामुळे सेपरेबलही नाही. बहुपदी तेच, गट तोच, फक्त पाया वेगळा, म्हणून टप्पा १ पासून पुन्हा तपासणी करावी लागते.